कोंडी की विकृती? : बिनतारी जाळ्यांतील पॅकेट-हानीच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

बीजसंज्ञा : टीसीपी, पॅकेट-हानी, कोंडी-नियंत्रण, बिनतारी दुवा, पोच, फेरपाठवणी

प्रस्तावना :

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. या तुकड्यांना पॅकेट असे म्हणतात. पॅकेट मुक्कामी पोहोचले की त्याची पोच उलट टपाली परत येते. ठरावीक काळात पोच आली नाही, तर पॅकेट वाटेत हरवले असे पाठविणारा संगणक समजतो. या हरवण्याची मुख्य कारणे दोन आहेत. वाटेतील एखाद्या राउटरपाशी आवक इतकी वाढते की त्याच्या रांगेत जागा उरत नाही आणि नव्याने आलेले पॅकेट त्याला टाकून द्यावे लागते. ही झाली कोंडी. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळी असते, रांगेत जागाही असते. परंतु वाटेतील विद्युत्-गोंगाटामुळे पॅकेटातील काही बिट बदलतात आणि घेणारे यंत्र ते सदोष म्हणून टाकून देते. ही झाली विकृती.

या दोन दुखण्यांवरचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. कोंडी झाली असेल तर सर्वांनीच हात आखडता घ्यावयास हवा. विकृती झाली असेल तर वेग कमी करण्याचे काहीच कारण नाही, तेच पॅकेट तातडीने पुन्हा पाठविणे एवढेच पुरेसे असते. अडचण अशी की दोन्ही प्रसंगी पाठविणाऱ्याच्या हाती एकच लक्षण येते, ते म्हणजे पोच न येणे. या मौनाचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न गेल्या पाच दशकांत कोणकोणत्या रीतीने हाताळला गेला, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा ‘टीसीपीचा बिनतारी जाळ्यांतील दोष’ म्हणून एका परिच्छेदात आटोपला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो दोष नसून निवड होती. ती विशिष्ट काळात, विशिष्ट जाळ्यासाठी केली गेली आणि तिची किंमत पुढे वेगळ्याच लोकांना मोजावी लागली.

रेडिओपासून झालेली सुरुवात :

इंटरनेटचा जन्म तारांवर झाला आणि बिनतारी दुवे त्याला नंतर जोडले गेले, असा एक सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र काहीसा निराळा आहे. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले अलोहानेट हे जाळे १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. बेटांवर विखुरलेली टर्मिनले रेडिओ-लहरींद्वारे ओआहू बेटावरील मुख्य संगणकाशी बोलत. सर्व टर्मिनलांना बोलण्यासाठी एकच रेडिओ-वाहिनी होती आणि कोणी केव्हा बोलावे यावर बंधन नव्हते. दोन पॅकेटे एकाच वेळी निघाली तर ती हवेत एकमेकांवर आदळून दोन्ही खराब होत. प्रत्येक पॅकेटात ८० बाइटपर्यंत मजकूर असे आणि शीर्षक व मजकूर यांसाठी प्रत्येकी १६ बिटांचा स्वतंत्र तपासशब्द असे. तपास जुळला नाही की मुख्य स्थानक गप्प राही आणि पोच न मिळालेले टर्मिनल यदृच्छया निवडलेल्या काळानंतर तेच पॅकेट पुन्हा पाठवी.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पॅकेट टकरीने खराब झाले की गोंगाटाने, याची चौकशी अलोहाने केलीच नाही. दोन्ही कारणांवर एकच उपाय चाले, कारण जाळे लहान होते. या पद्धतीत वाहिनीची फार तर १८.४ टक्के क्षमता उपयोगात येते, हे अब्रॅमसन यांचे गणित प्रसिद्धच आहे.

१९७२ मध्ये रॉबर्ट कान हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे पॅकेट-रेडिओचा कार्यक्रम आला. त्यापूर्वीच्या अर्पानेटमध्ये दोन शेजारच्या केंद्रांमधील दुवाच चुका पकडी आणि दुरुस्त करी. त्यामुळे त्यावरील एनसीपी या प्रोटोकॉलात टोकापासून टोकापर्यंतच्या चुकांची व्यवस्था ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. रेडिओने ही निश्चिंती संपविली. चालती गाडी बोगद्यात शिरेल, टेकडीआड जाईल, कोणी मुद्दाम गोंगाट करील. अशा जाळ्यात पॅकेट पोहोचेलच अशी हमी देता येत नाही. तेव्हा हरवलेले पॅकेट मूळ पाठविणाऱ्यानेच पुन्हा पाठवावे, हे तत्त्व कान यांनी स्वीकारले. विन्टन सर्फ आणि कान यांचा मे १९७४ मधील प्रसिद्ध निबंध या विचारातून आला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या एका गाडीतून निघालेली पॅकेटे रेडिओ, अर्पानेट आणि उपग्रह अशा तीन भिन्न जाळ्यांतून लंडनमार्गे फिरून दक्षिण कॅलिफोर्नियात पोहोचविण्यात आली. टीसीपीच्या पाळण्यात रेडिओ होता असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९३ या टीसीपीच्या मूळ विनिर्देशात हानीचे कारण विचारलेले नाही. पॅकेट हरवले, पुन्हा पाठवा, एवढेच त्यात आहे. हानीला अर्थ प्राप्त झाला तो पुढे, आणि तोही एका संकटातून.

१९८६ ची कोंडी आणि तिच्यातून आलेला नियम :

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी स्वीकारले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, फोर्ड एरोस्पेस या कंपनीतील जॉन नेगल यांनी आरएफसी ८९६ मध्ये एक इशारा दिला. जाळे भरून गेले की पोचांना विलंब होतो. पोच उशिरा आली की संगणक पॅकेट हरवले असे समजून दुसरी प्रत पाठवितात. या प्रतींनी जाळे आणखी भरते. आणि अखेर जाळ्यातून जाणाऱ्या पॅकेटांपैकी बहुतेक निरुपयोगी प्रतीच असतात. या अवस्थेला नेगल यांनी कोंडीमुळे होणारा ऱ्हास असे नाव दिले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये हे प्रत्यक्षात आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांत सुमारे ४०० यार्डांचे अंतर आहे. या दोन ठिकाणांमधील दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. आठशेपट घट! चिठ्ठी हातात घेऊन चालत गेले असते तर लवकर पोहोचता आले असते. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या सहकार्याने याचा शोध घेतला आणि १९८८ च्या सिगकॉम परिषदेत आपला निबंध सादर केला. त्यात सांगितलेली रीत थोडक्यात अशी की, प्रत्येक पाठविणाऱ्याने सुरुवात सावकाश करावी, पोच येत राहतील तसतसे एका वेळी वाटेत असणाऱ्या पॅकेटांची संख्या, म्हणजे विंडो, वाढवीत जावे आणि एक जरी पॅकेट हरवले तरी विंडोची मर्यादा निम्म्यावर आणावी. ऑक्टोबर १९८९ मधील आरएफसी ११२२ ने ही रीत प्रत्येक टीसीपीला बंधनकारक केली.

जेकबसन यांना विकृतीचा विसर पडला होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पॅकेट हरवण्याची दोन्ही कारणे त्यांनी निबंधात नमूद केली आहेत. मात्र बहुतेक मार्गांवर विकृतीमुळे होणारी हानी एक टक्क्याहून पुष्कळच कमी असते आणि म्हणून हानी ही कोंडीचीच खूण मानण्यास हरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद संभाव्यतेचा होता आणि १९८८ च्या तारांच्या जाळ्यापुरता तो योग्यही होता. (तारांवरही विकृती अगदीच दुर्मीळ नव्हती, हे पुढे दिसून आले. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये दाखविले की, दर ११०० ते ३२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट टीसीपीच्या तपासबेरजेत नापास होत होते, तेही दुव्यांवरील तपासणीतून सुखरूप सुटल्यानंतर. पण तो निराळा विषय आहे.)

या युक्तिवादामागे आणखी एक विचार आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा वाटतो. अर्थ लावण्यात चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, परंतु दोन चुकांचे परिणाम सारखे नसतात. विकृतीला कोंडी समजले तर पाठविणारा विनाकारण मंदावतो. नुकसान त्याचे एकट्याचे होते. कोंडीला विकृती समजले तर तो गर्दीत आणखी भर घालतो आणि नुकसान सर्वांचे होते. नुकत्याच कोसळलेल्या जाळ्याला सावरणाऱ्या माणसाने पहिली चूक पत्करावी, हे समजण्यासारखे आहे. प्रश्न एवढाच की, ते ‘एकटे’ कोण?

मौनाची किंमत :

१९९० च्या सुमारास वेव्हलॅनसारखी बिनतारी उपकरणे बाजारात आली आणि १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक संमत झाले. टीसीपी पुन्हा रेडिओवर आला. परंतु आता तो १९७७ मधील टीसीपी राहिला नव्हता. प्रत्येक हानीला कोंडी मानण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणलेली होती.

याचा परिणाम किती होतो, हे मॅथ्यू मॅथिस आणि सहकाऱ्यांच्या १९९७ मधील सूत्रावरून काढता येते. टीसीपीचा वेग हानीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो. १४६० बाइटांची पॅकेटे, जाण्यायेण्यास १०० मिलिसेकंद आणि हानी एक टक्का धरली, तर वेग सेकंदाला सुमारे १४ लाख बिट एवढाच येतो. हानी शंभरातून एकाऐवजी दहा हजारांतून एक असेल तर तोच वेग १ कोटी ४० लाखांवर जातो. या हिशेबात दुव्याची क्षमता कोठेच येत नाही, हे पाहण्यासारखे आहे. दुवा नाममात्र ५४ मेगाबिटांचा असला आणि त्यावर दुसरे कोणीही नसले तरी गोंगाटामुळे शंभरातील एक पॅकेट बिघडत असेल, तर टीसीपी आपला दीड मेगाबिटाच्या आत राहणार. रस्ता रिकामा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, अशी ही अवस्था.

म्हणजे ‘एकट्याचे’ नुकसान ज्यांचे होते ते तारेच्या टोकाशी बसलेले नव्हेत. ज्यांच्यापर्यंत तार पोहोचलीच नाही त्यांचे ते होते. भारतात इंटरनेटच्या वर्गणीदारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बिनतारी जोडणी वापरतात. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवर टेकडी चढून ‘रेंज’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज भरताना जो विलंब सोसावा लागतो, त्याची कारणे अनेक असतात. पण विकृतीला कोंडी समजण्याचा हा नियम त्यांपैकी एक होऊ शकतो.

साक्षीदाराचा शोध :

वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. ज्याच्याकडे बिघडलेले पॅकेट आले त्याने ‘बिघडलेले मिळाले’ असे कळवावयास काय हरकत आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, पॅकेटातील नेमके कोणते बिट बिघडले हे तपासबेरीज सांगत नाही. कदाचित पाठविणाऱ्याचा पत्ताच बिघडला असेल. मग कळवावयाचे कोणाला? म्हणून दुव्यावरचे यंत्र असे पॅकेट वर न पाठविता तेथेच टाकून देते आणि हानीच्या कारणाचा एकमेव पुरावा त्याच्याबरोबर नाहीसा होतो. १९९५ नंतरच्या दशकातील संशोधन म्हणजे या नाहीशा झालेल्या पुराव्याला पर्याय शोधण्याची धडपड होय.

पहिला मार्ग जोडणी मध्येच तोडण्याचा. रटगर्स विद्यापीठातील अजय बाक्रे आणि बी. आर. बद्रीनाथ यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या आय-टीसीपी पद्धतीत तारेवरचा टीसीपी तळस्थानकापाशी संपतो आणि तेथून रेडिओवर दुसरी जोडणी सुरू होते. तारेवरच्या पाठविणाऱ्याला रेडिओचा त्रास जाणवतच नाही. परंतु येथे पॅकेट खऱ्या धन्याकडे पोहोचण्यापूर्वीच पोच परत जाते. मधले स्थानक बंद पडले तर पोच मिळालेला मजकूर कायमचा गहाळ होण्याची शक्यता राहते, आणि टोकापासून टोकापर्यंतच्या विश्वासाचे तत्त्व येथे मोडते.

त्याच वर्षी बर्कली येथील हरी बालकृष्णन, श्रीनिवासन शेषन, एलान आमीर आणि रँडी कॅट्झ यांनी स्नूप ही पद्धत मांडली. हिच्यात तळस्थानक जोडणी तोडत नाही, ते केवळ जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांवर नजर ठेवते. रेडिओकडे गेलेल्या प्रत्येक पॅकेटाची एक प्रत ते जवळ ठेवते. पॅकेट हरवल्याची खूण परत येऊ लागली की ते स्वतःच त्याची प्रत पुन्हा पाठविते आणि ती खूण मूळ पाठविणाऱ्यापर्यंत जाऊ देत नाही. घटनास्थळाजवळचा साक्षीदार म्हणतात तो हाच. चाचण्यांत काही परिस्थितींत नेहमीच्या टीसीपीच्या वीसपट वेग मिळाल्याचे त्यांनी नोंदविले. पुढच्या वर्षी बालकृष्णन, वेंकट पद्मनाभन, शेषन आणि कॅट्झ यांनी विविध उपायांची तुलना करून दाखविले की, टीसीपीची जाण असलेला दुवा-स्तर सर्वांत सरस ठरतो आणि जोडणी तोडण्याची आवश्यकता नाही.

स्नूपचा उपाय देखणा होता, पण साक्षीदाराला पॅकेटाचे शीर्षक वाचता आले पाहिजे ही त्याची अट होती. मजकुराबरोबर शीर्षकही गुप्त करणारी आयपीसेक व्यवस्था १९९८ मध्ये मानक झाली आणि हा साक्षीदार आंधळा झाला. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या प्रोटोकॉलात तर पोचाच गुप्त असतात. खासगीपणाची गरज आणि मधल्या माणसाची मदत या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, आणि कौल खासगीपणाच्या बाजूने गेला. तो योग्यच होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र रेडिओच्या टोकावरील माणसाने त्यात काय गमावले, हे सहसा कोणी मोजत नाही.

दुसरा मार्ग मदतनीसाशिवाय, केवळ टोकाला दिसणाऱ्या लक्षणांवरून कारण ओळखण्याचा. हानीपूर्वी विलंब वाढत असेल तर कोंडी, नसेल तर विकृती, ही कल्पना सहज पटण्याजोगी आहे. साद बियाझ आणि नितीन वैद्य यांनी १९९८ मध्ये या कल्पनेवर आधारलेल्या तीन प्रचलित निकषांची परीक्षा घेतली. निष्कर्ष निराशाजनक निघाला. नाणे उडवून कारण ठरविण्यापेक्षा हे निकष फारसे बरे ठरले नाहीत. निबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी आपला निष्कर्ष नकारात्मक असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे असे निष्कर्ष कपाटात राहतात, म्हणून त्याचे विशेष वाटते. अपयशाचे कारण असे की, एका जोडणीला जाणवणारा विलंब हा रांगेतील शेकडो जोडण्यांच्या वर्तनाचा परिणाम असतो. एकाच्या विंडोशी त्याचा संबंध क्षीण असतो.

याच दोघांनी १९९९ मध्ये एक मर्यादित पण चतुर युक्ती सुचविली. शेवटचा दुवा रेडिओचा असून तोच सर्वांत संथ असेल, तर त्यापुढे पॅकेटांची रांग लागते आणि ती समान अंतराने येत राहतात. एखादे पॅकेट रेडिओवर बिघडले तर त्याची जागा रिकामी जाते आणि पुढचे पॅकेट दुप्पट अंतराने येते. ते आधीच कोंडीत गळाले असेल तर रांगेत त्याची जागाच नसते. पुढचे पॅकेट नेहमीच्याच अंतराने येते. हरवलेल्याने मागे सोडलेल्या पोकळीवरून तो कोठे हरवला हे ओळखावयाचे! अट मोडली, म्हणजे रेडिओ-दुवा वाटेच्या मध्ये आला किंवा त्यावर अनेकांची वर्दळ असली, की युक्ती निकामी होते.

वेस्टवुड (२००१) आणि व्हेनो (२००३) हे टीसीपीचे अवतार कारणाचा निर्णय करण्याऐवजी शिक्षा सौम्य करतात. पोचांच्या वेगावरून उपलब्ध क्षमतेचा अंदाज घेऊन वेस्टवुड विंडो ठरवितो. रांगेत आपली फारशी पॅकेटे साचलेली नाहीत असे दिसले, तर व्हेनो विंडो निम्मी न करता पाचव्या हिश्श्याने कमी करतो. दोन्ही लिनक्समध्ये उपलब्ध आहेत.

तिसरा मार्ग उघड सांगण्याचा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांनी १९८८ मध्येच कोंडी दर्शविणारा एक बिट सुचविला होता. सॅली फ्लॉइड यांनी १९९४ मध्ये तो विचार टीसीपीसाठी पुढे नेला आणि सप्टेंबर २००१ मधील आरएफसी ३१६८ ने त्याला मानकाचे रूप दिले. कोंडी होऊ लागताच राउटर पॅकेटावर खूण करतो, ते टाकून देत नाही. वरवर पाहता प्रश्न सुटला : खूण असेल तर कोंडी, खुणेविना हानी असेल तर विकृती. परंतु वाटेतील प्रत्येक राउटर खूण करीलच असे नाही, आणि खूण करणाऱ्याचीही रांग भरून वाहू शकते. म्हणून याच मानकाने खुणेविना झालेल्या हानीलाही कोंडीच मानण्याचा दंडक कायम ठेवला. संशयाचा फायदा पुन्हा जाळ्यालाच मिळाला, वापरणाऱ्याला नव्हे.

एका क्षेत्रात मात्र हा फायदा उलट दिला गेला. अवकाश-संचारासाठी १९९९ मध्ये मानक झालेल्या एससीपीएस या प्रोटोकॉल-संचात हानीचे गृहीत कारण कोणते मानावे हे जाळे चालविणाऱ्याला ठरविता येते. पृथ्वी आणि यान यांमधील दुव्यावर गर्दी करणारे दुसरे कोणी नसते, तेथे हानी म्हणजे विकृतीच. गृहीतक परिस्थितीप्रमाणे बदलता येते हे सर्वांना ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो.

हवेतील गर्दी :

येथवर कोंडी आणि विकृती या दोन स्वतंत्र जाती आहेत असे मानले. बिनतारी जाळ्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाने ही विभागणीच डळमळीत केली. दोन उपकरणे एकाच वेळी बोलली की पॅकेटे हवेत आदळतात. परिणाम विकृतीचा, कारण मात्र गर्दीचे. अलोहातील टक्कर चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा दारात उभी राहिली.

वाय-फायच्या रचनेत तर एकाच मौनाचे दोन विरुद्ध अर्थ शेजारी शेजारी नांदतात. दुव्यावरची पोच आली नाही की उपकरणाचा एक भाग टक्कर झाली असे समजून पुढच्या वेळी अधिक काळ थांबतो. त्याच वेळी वेग ठरविणारा दुसरा भाग, उदाहरणार्थ १९९७ मधील एआरएफ पद्धत, सिग्नल क्षीण झाला असे समजून बोलण्याचा वेग कमी करतो. खरोखर टक्कर झाली असेल तर हा दुसरा निर्णय घातक ठरतो. वेग कमी केला की तेच पॅकेट हवेत अधिक वेळ राहते आणि टकरीची शक्यता वाढते. २००६ मधील कारा या पद्धतीने यावर व्यवहारी तोडगा काढला. आधी अगदी लहान विनंती-पॅकेट पाठवावयाचे. त्याला उत्तर आले म्हणजे वाहिनी आपल्यासाठी राखली गेली. त्यानंतरही मजकुराचे पॅकेट हरवले तर दोष टकरीचा नव्हे, सिग्नलचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये कॉली ही पद्धत मांडली. तिच्यात घेणारा बिघडलेले पॅकेट जसेच्या तसे परत पाठवितो आणि पाठविणारा मूळ प्रतीशी ताडून बिघाडाच्या नमुन्यावरून कारण ओळखतो. विद्यार्थ्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे उशिरा का होईना, पण मिळाले.

या वादात भारतीय संशोधनाचा वाटा उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या रूफनेट या प्रायोगिक जाळ्याच्या २००४ मधील अभ्यासात, मधल्या प्रमाणातील हानीचे कारण परावर्तित लहरींची गुंतागुंत हे असावे, असे म्हटले होते. आयआयटी कानपूर येथे गंगेच्या मैदानातील लांब पल्ल्याच्या वाय-फाय दुव्यांवर काम केलेले आणि पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत आलेले भास्करन रामन व कामेश्वरी चेब्रोलू यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये याचा प्रतिवाद केला. त्यांच्या मते त्या हानीचे प्रमुख कारण इतर वाय-फाय उपकरणांचा व्यत्यय हे होते. कारण बदलले की उपायही बदलतो. परावर्तन असेल तर सोसावे लागते. व्यत्यय असेल तर वाहिन्यांची वाटणी नीट करून तो टाळता येतो. खेड्यापर्यंत स्वस्त वाय-फाय नेता येईल की नाही, हा प्रश्न अशा रीतीने हानीच्या निदानाशी जोडलेला होता.

लपविलेली विकृती :

भ्रमणध्वनीच्या जाळ्यांनी या वादात न पडता तिसरीच वाट धरली. विकृती टीसीपीला दिसूच द्यावयाची नाही, हे त्यांचे धोरण. २००२ च्या सुमारास तिसऱ्या पिढीत आणि नंतर चौथ्या पिढीत वापरल्या गेलेल्या हायब्रिड एआरक्यू या पद्धतीत बिघडलेले पॅकेट फेकून दिले जात नाही. ते जपून ठेवतात, दुसरी प्रत मागवितात आणि दोन सदोष प्रती एकत्र करून त्यांतून एक निर्दोष मजकूर काढतात. चौथ्या पिढीत अशी एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांत पुरी होते. ज्या पुराव्याच्या नाशापासून हा सारा प्रश्न निर्माण झाला, तो पुरावा येथे उपयोगात आणला गेला. प्रस्तुत लेखकाला या इतिहासातील हे सर्वांत समाधानकारक पाऊल वाटते.

मात्र लपविलेली विकृती नाहीशी होत नाही, तिचे विलंबात रूपांतर होते. दुवा वारंवार प्रयत्न करीत असताना मागून आलेली पॅकेटे थोपवून धरण्यासाठी मोठ्या रांगा ठेवाव्या लागतात. रांग मोठी म्हणजे हानी उशिरा. आणि हानी हीच ज्याची एकमेव खूण, तो टीसीपी तोवर रांग भरीतच राहतो. २०१० च्या अखेरीस जिम गेटिस यांनी या फुगलेल्या रांगांकडे लक्ष वेधले. विकृतीला कोंडी समजण्याची जुनी चूक टाळताना कोंडीच नजरेआड झाली, असे हे उलटे वळण होते.

२०१६ मध्ये गूगलमधील नील कार्डवेल आणि सहकाऱ्यांनी बीबीआर ही नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्यात हानीला कोंडीची खूण मानण्याचे सोडून दिले आहे. मार्गाची कमाल क्षमता आणि किमान विलंब प्रत्यक्ष मोजून वेग ठरविला जातो. त्यांच्या चाचणीत हजारात एक पॅकेट हरवताच प्रचलित क्युबिक पद्धतीचा वेग दहापट घटला आणि एक टक्क्यापुढे तो ठप्प झाला. बीबीआर पाच टक्के हानीपर्यंत जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालत राहिला. या निबंधाच्या लेखकांत शेवटचे नाव व्हॅन जेकबसन यांचे आहे. हानी म्हणजे कोंडी हा नियम घालून देणाऱ्यानेच अठ्ठावीस वर्षांनी तो बाजूला ठेवला.

नियम इतक्या सहजासहजी गेला नाही. ज्या राउटरांच्या रांगा आखूड होत्या, तेथे बीबीआरने इतरांची पॅकेटे मोठ्या प्रमाणात गळावयास लावली, आणि शेजारी चालणाऱ्या जुन्या पद्धतींना त्यांचा वाटा मिळेना. १९८६ ची भीती निराधार नव्हती. त्यामुळे बीबीआरच्या दुसऱ्या आवृत्तीत हानीची दखल घेणे पुन्हा आले, फरक एवढाच की एकेका पॅकेटाऐवजी हानीच्या प्रमाणाला मर्यादा घालण्यात आली. दरम्यान २००६ पासून लिनक्सची मूळ पद्धत असलेल्या क्युबिकला ऑगस्ट २०२३ मध्ये आरएफसी ९४३८ द्वारे मानकाचा दर्जा मिळाला. पॅकेट हरवले की क्युबिक आपली विंडो तीस टक्क्यांनी कमी करतो. ते रांगेत गळाले की हवेत बिघडले, हे तो विचारत नाही.